नैराश्याची तपासणी प्रश्नावली क्वेचुआ भाषकांसाठी कशी बेतावी: नवख्यांसाठी मार्गदर्शन

पेरूच्या 2017 च्या जनगणनेत सुमारे 38 लाख लोकांनी क्वेचुआ ही आपली मातृभाषा असल्याचे नोंदवले. आयाकुचो, आपुरिमाक, वांकावेलिका, कुस्को आणि पुनो या अँडीज पर्वतातल्या प्रदेशांत ती घराघरांत बोलली जाते. पोटापाण्यासाठी लिमाला गेलेल्या कुटुंबांतही ती टिकून आहे, आणि बोलिव्हिया व एक्वादोर या शेजारी देशांतही तिचे भाषक मोठ्या संख्येने आहेत. आरोग्य केंद्रातले कामकाज मात्र बहुतांशी स्पॅनिशमध्ये चालते. त्यामुळे मनाचे दुखणे घेऊन आलेली क्वेचुआ भाषक बाई डोकेदुखीची गोळी घेऊन परत जाण्याची शक्यता मोठी असते, कारण तिला समजेल असा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

नैराश्याची प्राथमिक तपासणी करण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या साधनांपैकी एक म्हणजे पीएचक्यू-9 ही प्रश्नावली. क्रोएन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स या तिघांचा तिच्यावरील मूळ अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. गेल्या दोन आठवड्यांत नऊ प्रकारचे त्रास किती वेळा झाले हे ती विचारते, प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण देते, आणि 27 पैकी 10 किंवा अधिक गुण झाल्यास पुढील तपासणीची शिफारस करते. पेरूच्या राष्ट्रीय लोकसंख्या व कौटुंबिक आरोग्य पाहणीतही ती वापरली जाते. तिच्या भाषांतरासाठी वा वापरासाठी परवानगी किंवा शुल्क लागत नाही. पुढील विवेचन तिच्याच आधारे केले आहे, परंतु जागतिक आरोग्य संघटनेची वीस प्रश्नांची एसआरक्यू-20 किंवा बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठीची एडिनबरा प्रश्नावली घेऊन काम करणाऱ्यांनाही त्यातील बहुतेक भाग लागू पडेल.

पहिली पायरी: मदतीची सोय आहे का ते पाहा

प्रश्नावली हातात घेण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून ठेवावे: ज्यांचे गुण 10 किंवा अधिक येतील त्या माणसांना आपण कुठे पाठवणार? पेरूमध्ये 2012 च्या कायदा क्र. 29889 ने मानसिक आरोग्यसेवा मोठ्या मनोरुग्णालयांतून समाजाजवळ आणण्याचे धोरण स्वीकारले, आणि 2019 च्या मानसिक आरोग्य कायद्याने (क्र. 30947) ते पुढे नेले. त्यातून समुदाय मानसिक आरोग्य केंद्रे उभी राहिली. ही केंद्रे बहुधा शहरांत आणि मोठ्या गावांत आहेत. चार हजार मीटर उंचीवरच्या पठारावर लामा आणि अल्पाका चारणाऱ्या कुटुंबाला तिथे पोहोचायला एक अख्खा दिवस आणि गाडीभाडे लागते. म्हणून केंद्राचे नाव, तिथे क्वेचुआ बोलणारे कोण आहे, ते कोणत्या वारी असते आणि प्रवासाचा खर्च कोण करणार, एवढे ठरल्याशिवाय तपासणी सुरू करू नये. दुःख विचारायचे, ते मोजायचे आणि मग निघून जायचे, हे नैतिकदृष्ट्या चुकीचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे, मग अभ्यासाचा हेतू कितीही चांगला असो.

दुसरी पायरी: कोणती क्वेचुआ?

क्वेचुआ हे एका भाषेचे नाव म्हणून रूढ असले, तरी भाषाशास्त्रज्ञ तिला भाषाकुल मानतात. गॅरी पार्कर आणि आल्फ्रेदो तोरेरो यांनी 1960 च्या दशकात तिचे दोन मोठे गट पाडले. आंकाश, वानुको आणि हुनीन या मध्य पेरूतल्या प्रदेशांत एका गटाच्या बोली आहेत. आयाकुचो, कुस्को, बोलिव्हिया आणि एक्वादोर इथल्या बोली दुसऱ्या गटात मोडतात. आंकाशचा आणि कुस्कोचा माणूस आपापल्या बोलीत बोलू लागले तर एकमेकांचे बोलणे समजणे कठीण जाते. एकाच गटातल्या आयाकुचो आणि कुस्को या बोलींतही उच्चारांचा फरक आहे, कारण कुस्कोत घशातून झटका देऊन उच्चारली जाणारी आणि महाप्राण व्यंजने आहेत, तर आयाकुचोत ती नाहीत. तेव्हा ‘क्वेचुआ आवृत्ती’ अशी एकच आवृत्ती असू शकत नाही. आयाकुचोची, कुस्कोची आणि आंकाशची आवृत्ती वेगळी करावी लागते, आणि प्रत्येकीवर बोलीचे नाव स्पष्ट लिहावे लागते.

लेखनाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. पेरूने 1975 मध्ये क्वेचुआला राजभाषेचा दर्जा दिला आणि 1985 मध्ये अधिकृत वर्णमाला ठरवली, तरी स्वर तीन लिहायचे की पाच, हा वाद, विशेषतः कुस्कोत, अजून मिटलेला नाही. या वादात तपासणी करणाऱ्यांनी पडू नये. खेड्यातल्या बहुतेक प्रौढांनी वाचन शिकले असेल तर ते स्पॅनिशमधून. क्वेचुआ त्यांच्या तोंडी असते, वाचनात नसते. त्यामुळे ही प्रश्नावली उत्तरदात्याच्या हाती भरायला न देता मोठ्याने वाचून विचारायची आहे, हे सुरुवातीलाच धरून चालावे. लिहिलेला मजकूर प्रश्न विचारणाऱ्यासाठी असतो, आणि त्याच्या जोडीला त्या बोलीतल्या माणसाच्या आवाजातले ध्वनिमुद्रण ठेवले, तर वर्षभराने नवा कर्मचारी आला तरी प्रश्नाचा सूर बदलत नाही.

तिसरी पायरी: गावाचा विश्वास

सरकारी दवाखान्यातून कोणी कागद घेऊन आले की दार बंद करण्याचे कारण या लोकांकडे आहे. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारच्या कुटुंबनियोजन मोहिमेत फार मोठ्या संख्येने स्त्रियांच्या नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत ग्रामीण, क्वेचुआ भाषक स्त्रिया मोठ्या प्रमाणात होत्या, आणि अनेकींची खरी संमती घेतलीच गेली नव्हती. त्याआधी 1980 पासून सुरू झालेल्या सशस्त्र संघर्षाचा सर्वाधिक फटका आयाकुचोला बसला. सत्य आणि सलोखा आयोगाने 2003 च्या अहवालात मृत आणि बेपत्ता झालेल्यांची संख्या सुमारे 69 हजार असल्याचा अंदाज मांडला, आणि बळींपैकी दर चारांत तिघांची मातृभाषा क्वेचुआ किंवा अन्य देशी भाषा होती असे नमूद केले. ज्या काळात नाव विचारणारा माणूस यादी करायला आलेला असू शकत होता, तो काळ आठवणारे लोक आज आपल्या समोर बसून उत्तरे देणार आहेत.

म्हणून प्रथम गावसभेत जावे, गावाच्या पुढाऱ्यांपुढे आणि मातांच्या मंडळापुढे काम समजावून सांगावे, माहिती कोणाकडे राहील आणि कोणाकडे जाणार नाही हे बोलून दाखवावे, आणि गावाने नकार दिला तर तो मान्य करावा. गावाने होकार दिला तरी प्रत्येक व्यक्तीची संमती वेगळी घ्यावी लागते. ती क्वेचुआत, तोंडी समजावून घ्यावी. न समजलेल्या स्पॅनिश कागदावर अंगठा घेण्याचा प्रकार इथे पुन्हा होता कामा नये.

मराठी वाचकांना इथे एक गोष्ट पटकन कळेल. क्वेचुआत ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ (न्योकांचिक) आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ (न्योकायकू) असे दोन वेगळे शब्द आहेत; स्पॅनिशमध्ये मात्र दोन्हींसाठी एकच रूप आहे. स्पॅनिश संमतिपत्रातले ‘माहिती आमच्याकडे गुप्त राहील’ हे वाक्य चुकून ‘आपल्याकडे’ झाले, तर ती माहिती सगळ्या गावात राहील असा अर्थ निघू शकतो. उलट ‘दुःखाचे दिवस आपल्या सगळ्यांवर येतात’ या प्रस्तावनेत वगळणारा शब्द आला, तर विचारणारा स्वतःला आणि समोरच्याला वेगवेगळ्या बाजूंना उभा करतो.

चौथी पायरी: दुःखाची स्थानिक भाषा ऐका

भाषांतराला बसण्यापूर्वी लोक मनाच्या त्रासाबद्दल आपणहून कसे बोलतात ते ऐकण्यासाठी वेळ राखून ठेवावा. ही पायरी घाईत उरकण्याचा मोह मोठा असतो, आणि माझ्या मते अनेक प्रश्नावल्या इथेच बिघडतात. आयाकुचोत मानववंशशास्त्रज्ञांनी आणि सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी या विषयावर बरेच काम केले आहे. त्यांत वारंवार येणारा शब्द म्हणजे ल्याकी. वरवर पाहता तो ‘दुःख’ आहे, पण लोक ल्याकींबद्दल बोलतात तेव्हा त्या अनुभवातून उरलेल्या, अंगात साठणाऱ्या, काळजातून डोक्यापर्यंत चढणाऱ्या वेदनादायक आठवणी असतात. न्याकारी म्हणजे भोगलेले हाल, आणि ते बहुधा एकट्याचे नसतात, कुटुंबाचे किंवा गावाचे असतात. स्पॅनिशमधून आलेला पिन्सामिएंतू म्हणजे पिच्छा न सोडणारे विचार. मंचारिस्का म्हणजे मोठ्या भयाने आनिमू, म्हणजे प्राण किंवा जीव, शरीर सोडून गेलेला माणूस. त्यावर गावातला जाणकार त्या जिवाला हाक मारून परत बोलावण्याचा विधी करतो. आणि या सगळ्याचे ठिकाण म्हणजे सोंको. सोंको म्हणजे हृदय, पण भावना, स्मरण आणि विचार यांचाही वास तिथेच मानला जातो.

यांतला कोणताही शब्द उचलून तो ‘नैराश्या’च्या जागी बसवता येत नाही. ल्याकी असलेली प्रत्येक व्यक्ती नैराश्यग्रस्त नसते. ज्याचा मुलगा बेपत्ता झाला त्याचे ल्याकी हे योग्य आणि मानवी दुःख आहे, त्याला आजार ठरवणे अन्यायाचे होईल. दुसरीकडे, ज्याला खरोखर नैराश्य आहे तो त्याबद्दल बोलताना बहुधा हाच शब्द वापरेल. या दोन वस्तुस्थिती एकाच वेळी ध्यानात ठेवून काम करावे लागते. व्यवहारात त्याचा मार्ग असा: गावातल्या वेगवेगळ्या वयाच्या स्त्री-पुरुषांशी, सुईणींशी, वैदूंशी, शिक्षकांशी आणि आरोग्य सेवकांशी मोकळे बोलावे. ‘खूप दिवस मन खचलेले माणूस कसे दिसते, काय करते, काय करायचे थांबवते?’ असे विचारावे. त्यांनी वापरलेली क्रियापदे आणि वाक्ये त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावीत. नंतर भाषांतर करताना याच टिपणवहीतून शब्द घ्यायचे असतात.

डोकेदुखी, सोंकोची वेदना, छातीत दाटून येणे अशा शारीरिक तक्रारी या बोलण्यात हमखास येतील, आणि पीएचक्यू-9 मध्ये त्यांना जागा नाही. त्यांच्यासाठी दोन-तीन जादा प्रश्न जरूर ठेवावेत, पण त्यांचे गुण 27 च्या बेरजेत मिळवू नयेत. एकदा बेरीज बदलली की 10 या सीमारेषेला काही अर्थ उरत नाही आणि इतर ठिकाणच्या अभ्यासांशी तुलनाही करता येत नाही.

पाचवी पायरी: भाषांतर

रूढ पद्धत अशी आहे. दोन भाषांतरकार स्वतंत्रपणे भाषांतर करतात, तज्ज्ञांची समिती त्यांतून एक मसुदा तयार करते, मूळ प्रश्नावली न पाहिलेली तिसरी व्यक्ती त्याचे उलट भाषांतर (म्हणजे क्वेचुआतून परत मूळ भाषेत) करते, आणि फरक दिसतील तिथे समिती पुन्हा बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या भाषांतर-पद्धतीतही जवळपास याच पायऱ्या आहेत. पेरूच्या संस्कृती मंत्रालयाकडे देशी भाषांच्या प्रशिक्षित दुभाषांची व भाषांतरकारांची नोंदवही आहे, तिथून योग्य बोलीची माणसे मिळू शकतात. समितीत मानसोपचाराची जाण असलेली व्यक्ती हवीच, पण स्पॅनिश फारशी न येणारी, शेती करणारी एखादी आजीही हवी. सुशिक्षित द्वैभाषिकांनी केलेले भाषांतर बरेचदा शुद्ध आणि साहित्यिक होते. जो शब्द लोकांनी पन्नास वर्षांपूर्वीच सोडून दिला तो पुन्हा आणण्यापेक्षा रोजच्या बोलण्यात रुळलेला स्पॅनिश शब्द ठेवणे योग्य.

उलट भाषांतरावर फार विसंबू नये. कृत्रिम, शब्दाला शब्द ठेवून केलेल्या भाषांतराचे उलट भाषांतर सर्वांत सुबक होते, आणि ऐकणाऱ्याला मात्र ते मुळीच कळत नाही.

आता प्रश्नांकडे वळू. सर्वच प्रश्न सारखे अवघड नाहीत. झोपेचा प्रश्न तुलनेने सोपा आहे, फक्त ‘झोप न लागणे’ आणि ‘फार झोप येणे’ हे दोन विरुद्ध त्रास त्यात एकत्र आहेत हे ध्यानात ठेवावे. थकव्याचा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो, परंतु बटाट्याच्या काढणीच्या दिवसांत, मे-जूनमध्ये, कोण थकलेले नसते? प्रश्नातच ‘काम न करताही’ किंवा ‘विश्रांती घेऊनही’ असा खुलासा हवा. भुकेच्या प्रश्नाची अडचण वेगळी आहे. नवे पीक येण्यापूर्वी घरातला साठा संपत आलेला असतो, तेव्हा कमी खाल्ले गेले याचे कारण मन आहे की कोठार, हे प्रश्नाने वेगळे करायला हवे. ‘समोर जेवण असूनही खावेसे वाटले नाही का?’ अशी रचना इथे उपयोगी पडते.

सातव्या प्रश्नात एकाग्रतेचे उदाहरण म्हणून वर्तमानपत्र वाचणे आणि दूरचित्रवाणी पाहणे दिले आहे. न वाचणाऱ्या स्त्रीला हे उदाहरण दिले की ती प्रामाणिकपणे ‘मला जमत नाही’ असे सांगते आणि तिला फुकटचे तीन गुण मिळतात. इथे स्थानिक उदाहरण घ्यावे. कंबरेला बांधलेल्या मागावर नक्षीचा पट्टा विणताना बाईला धाग्यांच्या जोड्या मोजून उचलाव्या लागतात. एक जोडी चुकली की चौकट किंवा पक्षी वाकडा होतो आणि ओळ उसवावी लागते. ‘विणताना मोजणी पुन्हा पुन्हा चुकते का, हातातले काम अर्ध्यात विसरते का?’ या प्रश्नात एकाग्रतेचा भंग नेमका पकडला जातो. पुरुषांसाठी किंवा न विणणाऱ्यांसाठी रेडिओवरच्या बातम्या ऐकताना धागा सुटणे किंवा गुरे मोजताना गोंधळणे असे पर्याय हाताशी ठेवावेत, आणि कोणता पर्याय कोणाला विचारला याची नोंद करावी.

सहाव्या प्रश्नात स्वतःला अपयशी समजणे आणि घरच्यांची निराशा केली असे वाटणे आहे. अँडीजच्या गावांत आयनी, म्हणजे आज मी तुझ्या शेतात राबतो आणि उद्या तू माझ्या, ही परतफेडीची रीत जगण्याचा आधार आहे. तिथे हा भाव बरेचदा ‘मी कोणाच्या कामाचा उरलो नाही, घरावर ओझे झालो आहे’ अशा शब्दांत येईल. चौथ्या पायरीच्या टिपणवहीत असे वाक्य सापडले असेल तर तेच घ्यावे. दुसऱ्या प्रश्नात ल्याकी या शब्दाचे रूप येणे जवळजवळ अटळ आहे. पण त्याला एकटे सोडू नये, ‘पुढे काही चांगले होईल असे वाटत नाही’ हा आशा संपल्याचा भाग स्पष्ट शब्दांत जोडावा. आठव्या प्रश्नात हालचाली मंदावणे आणि अस्वस्थपणे येरझारा घालणे हे एकत्र येते, आणि लांब वाक्य तोंडी ऐकताना पहिला अर्धा भाग विसरला जातो, म्हणून तो दोन छोट्या वाक्यांत विचारावा आणि अधिक असलेले उत्तर नोंदवावे.

नकारार्थी प्रश्न शक्यतो टाळावेत. ‘तुम्हाला आनंद होत नाही का?’ यावर आलेल्या ‘हो’चा अर्थ काय घ्यायचा, यावर दोन विचारणारे हमखास दोन मते देतील.

सहावी पायरी: दोन आठवडे आणि चार उत्तरे

‘गेल्या दोन आठवड्यांत’ हे शब्द भाषांतरित करणे अवघड नाही, पण तो काळ डोळ्यांपुढे उभा राहणे अवघड आहे. जिथे आठवडी बाजार भरतो तिथे ‘मागच्याच्या मागच्या बाजारापासून आजपर्यंत’ असे म्हटले की बहुतेकांना चटकन कळते. सणाचा किंवा पेरणीचा दिवस जवळ असेल तर तोही खूण म्हणून चालतो, मात्र सर्व विचारणाऱ्यांनी एकच खूण वापरली पाहिजे.

त्याहून खरी अडचण उत्तरांची आहे. ‘अजिबात नाही’, ‘काही दिवस’, ‘अर्ध्याहून अधिक दिवस’ आणि ‘जवळजवळ रोज’ यांपैकी पहिले आणि शेवटचे नीट बसते; आयाकुचोत ‘याका सापा पुंचाव’ म्हणजे ‘जवळजवळ रोज’ हे सहज कळते. मधले दोन पर्याय मात्र एकमेकांत मिसळतात. यावर सोपा उपाय म्हणजे मक्याचे चौदा दाणे. दोन आठवड्यांचे चौदा दिवस म्हणून ते समोर मांडावेत आणि ‘ज्या दिवशी असे झाले तितके दाणे इकडे सरकवा’ असे सांगावे. दाणे मोजून विचारणाऱ्याने गुण ठरवावेत. कोणत्या संख्येला कोणता गुण द्यायचा हे आधीच लिखित ठरलेले असावे, आणि चाचणीच्या टप्प्यावर दाण्यांची पद्धत आणि तोंडी पद्धत यांतून येणाऱ्या उत्तरांची तुलना करून पाहावी.

सातवी पायरी: लोकांसोबत प्रश्न तपासणे

मसुदा झाल्यावर तो वीस-पंचवीस लोकांना विचारून पाहावा, परंतु यावेळी उद्देश उत्तर मिळवण्याचा नसून प्रश्न कसा कळला हे जाणण्याचा असतो. प्रत्येक प्रश्नानंतर ‘मी काय विचारले ते तुमच्या शब्दांत सांगाल का?’, ‘हे उत्तर देताना तुमच्या मनात कोणता प्रसंग आला?’, ‘हा प्रश्न तुमच्या सासूबाईंसमोर विचारला तर चालेल का?’ असे विचारावे. समजा, ‘कामात रस वाटत नाही’ या प्रश्नाचा अर्थ एखादी बाई ‘मी आळशी आहे का असे विचारता’ असा सांगते. मग तो प्रश्न कितीही अचूक भाषांतरित असला तरी तो बदलावाच लागेल, कारण आळशीपणाचा आरोप कोणी कबूल करणार नाही. कळले का, खटकले का, गावाच्या जगण्याशी जुळते का आणि मूळ अर्थ पूर्ण आला का, असे चार रकाने करून प्रत्येक प्रश्नाची नोंद ठेवली की समितीचे काम सोपे होते. बदल करून पुन्हा नव्या लोकांना विचारावे, आणि नवीन अडचणी येणे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे.

या टप्प्यावर क्वेचुआच्या व्याकरणाचा एक गुण फार कामाला येतो. बोलणाऱ्याला ही गोष्ट स्वतः माहीत आहे, ऐकीव आहे की अंदाजाची आहे, हे तो वाक्यातल्या प्रत्ययातून दाखवतो: ‘-मी’ स्वानुभवासाठी, ‘-सी’ ऐकलेल्यासाठी, ‘-चा’ अंदाजासाठी. आईच्या वतीने मुलगी उत्तर देत असेल, किंवा माणूस स्वतःबद्दलच ‘-चा’ लावून बोलत असेल, तर उत्तर नोंदवणाऱ्याने ते टिपले पाहिजे. स्पॅनिश नोंदीत हा फरक पुसला जातो, म्हणून निदान काही मुलाखतींचे, संमतीने, ध्वनिमुद्रण करून ते मूळ भाषेत लिहून काढावे.

नववा प्रश्न

मरण बरे वाटणे किंवा स्वतःला इजा करावीशी वाटणे, हा प्रश्न वगळावा असा आग्रह अनेकदा होतो: लोक दुखावतील, धर्मात हे पाप आहे, विचारल्याने विचार रुजेल. आत्महत्येबद्दल शांतपणे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे संशोधनातून पुरेसे स्पष्ट झाले आहे. प्रश्न ठेवावा, तो आधीच्या आठ प्रश्नांनंतरच विचारावा, खासगीत विचारावा, आणि त्याचे शब्द गुळगुळीत करून त्याचा अर्थ घालवू नये. ‘देवाने न्यावे असे वाटते’ हे म्हातारपणाचे नेहमीचे बोलणे असू शकते आणि खऱ्या धोक्याची खूणही असू शकते. म्हणून शून्याहून अधिक कोणतेही उत्तर आले की पुढचे प्रश्न विचारावेत: इच्छा किती वेळा होते, काही ठरवले आहे का, साधन घरात आहे का. शेतकरी घरांत कीटकनाशक हाताशी असते, तेव्हा ते कुठे ठेवले आहे आणि कोणाच्या ताब्यात देता येईल, हे त्याच भेटीत बोलावे. त्या दिवशी कोणाला कळवायचे, कोण सोबत थांबणार, गाडी कुठून येणार, हे नावांसह लिहिलेले पान प्रत्येक विचारणाऱ्याकडे असावे. पेरूच्या आरोग्य मंत्रालयाची 113 ही दूरध्वनी सेवा, पर्याय 5, मानसिक आरोग्यासाठी आहे, परंतु जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे फक्त क्रमांक देऊन जबाबदारी संपत नाही.

आठवी पायरी: आकड्यांची कसोटी

प्रश्न लोकांना कळतात हे ठरल्यावर ते योग्य माणसे निवडतात का, हे पाहायचे. त्यासाठी काहीशे लोकांना प्रश्नावली विचारून, त्याच लोकांची सविस्तर निदान-मुलाखत अशा तज्ज्ञाने घ्यावी ज्याला त्यांचे गुण माहीत नाहीत. एमआयएनआय ही रचनाबद्ध मुलाखत यासाठी वापरतात. ती मुलाखतही क्वेचुआतच व्हायला हवी, आणि क्वेचुआ बोलणारे मानसतज्ज्ञ मोजकेच असल्याने वेळापत्रक आणि खर्च यांचे नियोजन त्यांच्यापासून सुरू करावे. स्पॅनिशमध्ये घेतलेल्या निदान-मुलाखतीला कसोटी मानून क्वेचुआ प्रश्नावली तपासणे म्हणजे सदोष मापाने माप तपासणे होय.

10 ही सीमारेषा आपोआप लागू पडेल असे धरू नये. मूळ अभ्यासात या सीमारेषेवर संवेदनशीलता (नैराश्य असलेल्यांपैकी किती ओळखले गेले) आणि विशिष्टता (नैराश्य नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले गेले) दोन्ही 88 टक्के होत्या. समजा, एवढीच अचूकता आपल्याला मिळाली आणि हजार लोकांत शंभरांना नैराश्य आहे. तर त्या शंभरांपैकी 88 जण ओळखले जातील, पण उरलेल्या 900 निरोगी लोकांपैकी 108 जणही यादीत येतील, म्हणजे ज्यांना बोलावले त्यांतल्या निम्म्याहून कमी लोकांना खरोखर नैराश्य असेल. तपासणीचा निकाल हे निदान नव्हे, ही गोष्ट नव्या कर्मचाऱ्यांना या हिशेबानेच समजावून सांगावी. एकच मानसतज्ज्ञ असलेल्या केंद्रासाठी सीमारेषा थोडी वर नेणे योग्य ठरू शकते. बाळंतिणींच्या तपासणीत ती खाली ठेवणे योग्य ठरेल.

क्रोनबाखचा अल्फा चांगला आला म्हणून हुरळून जाऊ नये. तो प्रश्नांची एकमेकांशी असलेली संगती सांगतो, ते नैराश्यच मोजतात याची खात्री देत नाही. त्याऐवजी सारख्याच त्रासाचे क्वेचुआ आणि स्पॅनिश भाषक, स्त्रिया आणि पुरुष, शिकलेले आणि न शिकलेले एकाच प्रश्नाला वेगळी उत्तरे देतात का हे तपासावे. थकव्याचा आणि भुकेचा प्रश्न इथे बहुधा लक्ष वेधून घेईल, आणि सुगीच्या व टंचाईच्या महिन्यांतली आकडेवारी वेगळी पाहिल्यास त्याचे कारणही दिसेल.

विचारणारी माणसे आणि अंतिम आवृत्ती

विचारणारे शक्यतो त्याच भागातले, तीच बोली बोलणारे असावेत, पण उत्तरदात्याच्याच वाडीतले नसावेत, कारण शेजाऱ्यासमोर दुःख उघड करणे अवघड असते. वयस्क स्त्रीला ‘मामाय’, पुरुषाला ‘तायताय’ असे संबोधून सुरुवात करावी. ‘कसे आहात?’ या प्रश्नाला ‘आल्यिल्यान्मी’, म्हणजे ‘बरेच आहे’, हे उत्तर शिष्टाचार म्हणून येते. ते प्रश्नावलीचे उत्तर समजू नये आणि पहिल्या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी पीक, मुले, गुरे यांबद्दल बोलणे होऊ द्यावे. शक्य असेल तिथे स्त्रियांना स्त्रियांनीच विचारावे. प्रश्न वाचताना स्वतःचे शब्द घालायचे नाहीत, न कळल्यास कोणते स्पष्टीकरण द्यायचे ते आधीच लिहिलेले असेल, हे प्रशिक्षणात एकमेकांवर सराव करून पक्के करावे. ज्याला स्पॅनिशमध्ये बोलायला अधिक बरे वाटते त्याला ती मुभा असावी, आणि कोणत्या भाषेत उत्तरे दिली ते नोंदवावे. विचारणाऱ्यांनाही दिवसभर दुःख ऐकून त्रास होतो. आठवड्यातून एकदा त्यांना एकत्र बसवून बोलू द्यावे, आणि हा वेळ कामाच्या तासांतच मोजावा.

अंतिम आवृत्तीवर बोली, प्रदेश, महिना आणि वर्ष, सीमारेषा, ती कोणत्या लोकांवर तपासली आणि कोणता प्रश्न का बदलला, एवढे छापावे. ती आणि तिचे ध्वनिमुद्रण आरोग्य केंद्रांना व इतर अभ्यासकांना विनामूल्य द्यावे. ज्या गावांनी वेळ दिला तिथल्या सभेत निष्कर्ष क्वेचुआत सांगावेत, व्यक्तींची नावे न घेता, आणि तिथे उठलेल्या हरकती पुढच्या आवृत्तीसाठी लिहून घ्याव्यात. शेजारच्या बोलीसाठी काम करायचे असेल तर हीच आवृत्ती मसुदा म्हणून घेता येते, पण चौथ्या आणि सातव्या पायरीचे काम तिथे नव्याने करावे लागते.